चार मिलिमीटर

"बाई, घरी रोज ज्या ब्रशने दात घासता, तो उद्या येताना घेऊन या," असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यामागचे कारण माझ्या लक्षात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तो रुमालात गुंडाळून नेला. त्यांनी तो दिव्याखाली धरला आणि काही न बोलता माझ्यासमोर केला. जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी घेतलेल्या त्या ब्रशचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे दोन्ही बाजूंना आडवे झाले होते. मग त्यांनी माझ्या हातात आरसा दिला, डाव्या बाजूचा वरचा ओठ हलकेच उचलला आणि काळ्या खुणा असलेली एक बारीक सळई सुळ्यालगत टेकवली. "चार," ते मदतनीस मुलीला म्हणाले. शेजारच्या उपदाढेशी "तीन", आणि खालच्या पटाशीच्या एका दाताशी पुन्हा "तीन". हे आकडे मिलिमीटरचे होते. माझी हिरडी आपल्या मूळ जागेपासून किती मागे सरली आहे, याचे ते मोजमाप होते.

त्याआधी दोन वर्षे मी डाव्या बाजूने गार पाणी पीत नव्हते. माठातल्या पाण्याचा घोट त्या बाजूला गेला की सुळ्यातून डोळ्याच्या खालपर्यंत कळ जाई आणि क्षणात नाहीशी होई. कीड लागली असेल या समजुतीने मी आणखी जोर लावून घासत राहिले. मध्यंतरी एका दवाखान्यात दाखवले, तेव्हा दात शिवशिवण्यावरची पेस्ट मिळाली आणि वयोमानाने असे होतेच, एवढे उत्तर मिळाले. पेस्टने कळ कमी झाली. कळ कमी झाल्याने मी निर्धास्त झाले, आणि त्या निर्धास्तपणात आणखी दीड वर्ष गेले. हिरडी मागे सरते ती दुखत नाही, तिथून बहुधा रक्तही येत नाही, आणि रोज आरशात पाहणाऱ्या माणसालाही केसाएवढा फरक दिसत नाही. म्हणूनच ती मोजावी लागते.

आरशात पाहण्याची एक साधी रीत मला त्या दिवशी कळली, ती इथे सांगते. खालचा ओठ बोटाने हलकेच ओढून उजेडात पाहावे. दातांना लागून फिक्या गुलाबी रंगाचा एक पट्टा दिसतो. तो घट्ट असतो, ओठ हलवला तरी हलत नाही, आणि निरोगी हिरडीत पुष्कळदा त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे असतात. त्याच्याखाली एक रेषा लागते आणि तिथून पुढे लालसर, चकचकीत, सैल त्वचा सुरू होते, जिच्यात बारीक रक्तवाहिन्याही दिसतात. हा गुलाबी पट्टा म्हणजे खरी हिरडी. ती खालच्या हाडाला आणि दाताच्या मानेला पक्की बांधलेली असते, आणि चावणे, घासणे, ओढले जाणे हे सगळे तीच सोसते. लाल त्वचा ओठाबरोबर हलण्यासाठी असते, सोसण्यासाठी नाही. माझ्या खालच्या त्या एका दाताशी गुलाबी पट्टा जवळजवळ उरलाच नव्हता. ओठाला आतून बांधणारी बारीक दोरी थेट हिरडीच्या काठाशी येऊन चिकटली होती आणि मी बोलले, हसले, घास घेतला की तो काठ ओढला जात होता. पहिलीच्या वर्गाला शिकवणारी बाई दिवसातून किती बोलते, याचा हिशेब कोणीही करू शकेल.

दाताचा जो भाग आपण पाहतो त्यावर एनॅमलचे कवच असते, आणि शरीरात त्याहून कठीण दुसरे काही नाही. ते कवच दाताच्या मानेशी संपते. त्याखाली जे मूळ असते त्यावर सिमेंटमचा अगदी पातळ थर असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा इतका. हिरडीने झाकलेले असताना त्याला याहून जाड असण्याचे कारणच नसते. हिरडी मागे सरली की हा थर उघड्यावर येतो, घासण्याने झिजतो आणि आतले डेंटिन उघडे पडते. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्या दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचतात आणि त्यांत द्रव असतो. गार पाणी लागले की तो द्रव हलतो आणि ती हालचाल नसेला कळते. गेल्या शतकात स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम या दंतवैज्ञानिकाने मांडलेला हा खुलासा आजही मानला जातो. म्हणजे माझ्या सुळ्याला कीड नव्हती. जो भाग कधीच उजेड पाहण्यासाठी घडवलेला नव्हता, तो उजेडात आला होता. त्याचा दुसरा धोका मला नंतर कळला आणि तो कळेपेक्षा मोठा आहे. पीएच हा आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल जास्त. तोंडातील पीएच साडेपाचच्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते. मुळाच्या बाबतीत हीच मर्यादा सहाच्याही वर आहे. याचा अर्थ, जो चिंचेचा कोळ किंवा लिंबाचे सरबत एनॅमल थोडा वेळ सहन करते, त्याहून सौम्य आम्लानेही उघडे मूळ खचू लागते. वय वाढल्यावर मुळाशी जी कीड लागते, तिचे दार असे उघडते.

हे सगळे माझ्या हाताने झाले का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी उत्तर देताना घाई केली नाही, म्हणून ते मला पटले. त्यांच्या सांगण्यानुसार सुळा हा जबड्याच्या वळणावर पुढे आलेला दात असतो. त्याच्या मुळावरचे हाड मुळातच पातळ, काहींच्या बाबतीत तर वरच्या भागात नसतेच. त्यावर हिरडीही पातळ असेल, तर तिच्याकडे झिजायला फारसे काही नसते. अशा ठिकाणी कडक केसांचा ब्रश आडवा, करवतीसारखा रोज दोनदा फिरला की हिरडी काठाकाठाने मागे जाते. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि उपदाढेवर पडतो. माझे नेमके तेच दात होते. जबडा आणि हिरडीची जाडी मला वारशाने मिळाली, जोर मात्र माझा होता. मी गेली पंचवीस वर्षे मुलांच्या हाताला हात लावून सांगत आले आहे की, पेन्सिल दाबू नकोस, कागद फाटेल, अक्षर दाबल्याने सुंदर होत नाही. स्वच्छतेच्या बाबतीत मात्र जोर म्हणजेच निष्ठा, असे मी धरून चालले होते.

आईच्या हिरड्या त्याहून कितीतरी मागे सरल्या आहेत, पण तिची गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडे सातारच्या बाजूला तिच्या पिढीतल्या बायका मशेरी लावत. तंबाखूची पाने तव्यावर घालून ती पूर्ण काळी पडेपर्यंत भाजायची, घरभर खोकला सुटेल असा धूर व्हायचा, मग ती पाने तळहातावर चोळून पूड करायची आणि पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर चूल पेटवण्याच्या आधी आई ओसरीच्या कडेला बसे आणि उजव्या हाताची तर्जनी त्या डबीत बुडवून सावकाश हिरड्यांवर फिरवत राही. तो दिवसातला तिचा एकटीचा असा एकच वेळ असे, हे मला मोठेपणी समजले. तंबाखूतील निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे आतून रोग पसरत असला तरी हिरडी फारशी सुजत नाही आणि रक्तही कमी येते. धोक्याची खूण मिळायला हवी तिथे मिळत नाही. आईच्या दातांवर किटण साठत गेले, त्याखाली हिरडी आणि हाड यांना जंतूंची लागण झाली, आणि नुसती दातांच्या दर्शनी बाजूची हिरडी नव्हे, तर दोन दातांमधले हाडही खचले. तिच्या दातांच्या फटींत पूर्वी जी हिरडीची त्रिकोणी टोके असायची, तिथे आता काळी पोकळी आहे.

मी तपासणीला गेले तेव्हा आईलाही बरोबर नेले होते. मनात असे होते की, माझी हिरडी शस्त्रक्रियेने पुन्हा जागेवर बसवतील तशी तिचीही बसवतील. दोघींना शेजारशेजारच्या खुर्च्यांवर पाहून डॉक्टरांनी जे सांगितले, त्यातून हिरडीच्या शस्त्रक्रियेचे अर्धे शास्त्र मला उलगडले. मूळ किती उघडे पडले आहे, यापेक्षा त्याच्या दोन्ही बाजूंचे हाड शाबूत आहे का, हे आधी पाहायचे असते. कारण उघडे मूळ म्हणजे कातळ. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. त्यावर आणून बसवलेली हिरडी जगायची असेल, तर तिला रक्त बाजूच्या जिवंत भागातूनच मिळायला हवे. अमेरिकेतील मिलर या डॉक्टरांनी १९८५ साली याच कसोटीवर चार वर्ग पाडले. दोन दातांमधले हाड आणि हिरडी शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा धरता येते, ते थोडे खचले असेल तर काही अंशी, आणि फार खचले असेल तर ती आशा धरू नये. २०११ साली इटलीतील कायरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे तीन गट करून मांडणी अधिक सोपी केली, आणि आज तीच जास्त वापरली जाते. मी पहिल्या गटात होते. आई शेवटच्या गटात. माझ्या चार मिलिमीटरवर उपाय होता आणि तिच्या सहा-सातवर तो नव्हता. तिच्यासाठी करायचे ते वेगळे होते: मुळांपर्यंत खोल सफाई, मशेरी बंद, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि त्याबरोबर गालाच्या आतल्या बाजूला पांढरा डाग किंवा न भरणारी जखम नाही ना, यावर कायमची नजर.

घरी परतताना एस.टी.त आई म्हणाली, "तुझं होतंय ना, मग करून घे. माझं राहू दे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते ऐकवले नाही.

तरीही मी लगेच होकार दिला नाही, आणि कोणीही देऊ नये असे माझे मत आहे. मागे सरलेली प्रत्येक हिरडी शिवायची नसते. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत तिशीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांत कुठे ना कुठे किमान एक मिलिमीटर हिरडी मागे सरलेली आढळली होती. इतक्या सगळ्यांवर शस्त्रक्रिया करणे शक्यही नाही आणि गरजेचेही नाही. कळ नसेल, जागा नीट घासता येत असेल, आणि वर्षभराने मोजल्यावर आकडा तोच राहिला असेल, तर कारण थांबवून थांबून राहणे हाही उपचारच आहे. शिवशिव असेल तर पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आहे, फ्लोराइडचा लेप आहे, मानेशी खाच पडली असेल तर ती भरता येते. हिरडी सहसा आपणहून परत वाढत नाही, आणि ती वाढवून देतो म्हणणारे कुठलेही तेल, मंजन किंवा काढा यांवर पैसे घालवू नयेत, हे मात्र मी ठामपणे सांगेन. माझ्या बाबतीत दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. आधीच्या एका क्ष-किरण तपासणीच्या वेळी केलेल्या नोंदीत सुळ्याचा आकडा अडीच होता, म्हणजे तो वाढत होता. आणि खालच्या दाताशी घट्ट हिरडीच उरली नसल्याने तिथे ब्रश टेकवताच दुखे, म्हणून मी तिथे घासणे टाळत होते आणि न घासल्याने ती जागा सुजून आणखी मागे जात होती.

आधी खालचा दात घ्यायचे ठरले. जागेवरची भूल दिल्यावर डॉक्टरांनी ओठाची ती ओढणारी दोरी सोडवली आणि दाताखालची सैल त्वचा बाजूला करून एक आयताकृती जागा मोकळी केली. मग एक गोष्ट झाली, ती मी आरशात पाहिली आणि विसरणार नाही. टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चमकता कागद त्यांनी लहान कात्रीने कापला, त्या मोकळ्या जागेवर ठेवून पाहिला, कड थोडी छाटली, पुन्हा ठेवला. आई ब्लाउजच्या काखेला तुकडा बेतताना करते, तसे. मग तोच कागद माझ्या टाळूवर, उपदाढांच्या आतल्या बाजूला टेकवून त्याच्या कडेने त्यांनी चीर दिली आणि जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा उचलला. टाळूची त्वचा हिरडीसारखीच घट्ट असते, म्हणून ती तिथली घ्यायची. मागच्या बाजूने एक मोठी धमनी येते, तिच्यापासून दूर राहायचे असते. तो तुकडा खाली बसवून, बारीक टाक्यांनी कोपरे बांधून, ओल्या कापसाच्या घडीने त्यांनी तो पाच मिनिटे नुसता दाबून धरला. खाली रक्ताची गुठळी साचली तर तुकडा जमिनीपासून उचलला जातो आणि मरतो, म्हणून हे दाबणे टाक्यांइतकेच महत्त्वाचे.

तो चमकता कागद पाहून मला पुण्याजवळ घडलेली एक जुनी घटना आठवली. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून, मग तो सपाट करून कपाळावर ठेवून, त्याच्या कडेने त्याने कपाळाची त्वचा आखली, आणि दोन भुवयांच्या मध्ये तिचा देठ तसाच राखून ती खाली वळवली. वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवी जागा रक्त देऊ लागली की देठ कापायचा. हे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासह छापले गेले आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी त्यातून धडे घेतले. त्या कारागिराचे नाव त्यात नाही, याची मला आजही चुटपुट लागते. हिरडीच्या शस्त्रक्रियेतही आधी देठ राखणारीच रीत आली. १९५६ साली ग्रुप आणि वॉरन यांनी शेजारच्या दाताची हिरडी देठासह सरकवून उघड्या मुळावर आणली. टाळूवरचा तुकडा पूर्ण सुटा करून दुसरीकडे लावण्याचे काम १९६३ साली ब्यॉर्न यांनी प्रसिद्ध केले.

देठ नसलेला तुकडा पहिले दोन-तीन दिवस कशावर जगतो, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देत नव्हता. तो फक्त खालच्या जागेतून झिरपणाऱ्या रसावर जगतो. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात, आणि साधारण आठवडा-दीड आठवड्यात त्याला स्वतःचा रक्तपुरवठा मिळतो. या काळात तो हलला तर ते अंकुर तुटतात. म्हणून डॉक्टरांनी मला सर्वांत निक्षून सांगितलेली गोष्ट औषधांची नव्हती. "ओठ ओढून पाहू नका. काहीही झाले तरी पाहू नका." पाचव्या दिवशी बोलताना काचेत ओझरते दिसले, ते पांढुरके, ओल्या कागदासारखे होते. सगळे कुजले या भीतीने मी फोन केला. वरचा थर असाच गळून पडतो, खालचा जिवंत असतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. ते खरे होते. टाळूवरच्या जखमेचा त्रास मात्र हिरडीपेक्षा जास्त झाला. तिथे घालायला आधीच माप घेऊन केलेली पातळ प्लेट होती, ती काढली की भाताचे शीतही टोचल्यासारखे वाटे. पेज, ताकभात, गार दूध, आणि दोन आठवडे त्या जागी ब्रश नाही, फक्त क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या, ज्यांनी चहाची चव गेली आणि दातांवर तपकिरी झाक आली. ती नंतर सफाईत निघाली. वर्गात मी दहा दिवस गेले नाही.

टाके काढल्यावर जे दिसले, ते आजही तसेच आहे: भोवतालच्या हिरडीहून फिकट, टाळूचाच रंग घेऊन आलेला एक चौकोन. जिथे गेला तिथला रंग त्याने घेतला नाही. हे का, याचे उत्तर मला शिक्षिका म्हणून फार मोलाचे वाटते. कॅरिंग, लँग आणि ल्यो यांनी १९७५ साली माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी हिरडीच्या वरच्या आवरणाखालचा आधाराचा थर, म्हणजे संयोजी ऊती, काढून ती सैल लाल त्वचेच्या भागात रोवली, आणि नंतर तिच्यावरचे आवरण काढून टाकले. आजूबाजूची लाल त्वचाच त्या उघड्या जागेवर वाढत आली, पण हिरडीच्या ऊतीवर पोहोचल्यावर तिने हिरडीसारखे कठीण रूप घेतले. त्याच जागी सैल त्वचेची ऊती रोवली, तर वरचे आवरणही सैल राहिले. वरच्या थराने काय व्हायचे, हे खालची ऊती ठरवते. मी हा प्रयोग समजून घ्यायला तीन संध्याकाळी घालवल्या, आणि समजल्यावर आईला सांगितला. ती म्हणाली, मग तुझा हा तुकडा टाळूचाच राहणार की. हो, आणि त्यासाठीच तो तिथे आणला होता.

वरच्या सुळ्यासाठी याच जाणिवेचा पुढचा टप्पा वापरतात. १९८५ साली, म्हणजे मिलर यांनी वर्ग पाडले त्याच वर्षी, लँगर आणि लँगर यांनी टाळूचा वरचा थर जागेवरच ठेवून आतली संयोजी ऊती तेवढी काढून घेण्याची आणि ती मुळावर, स्थानिक हिरडीच्या खाली सरकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. टाळूवर एक झाकण उघडल्यासारखी चीर, आतून ऊतीची पट्टी, आणि झाकण पुन्हा बंद. जखम उघडी राहत नाही, म्हणून दुखणे कितीतरी कमी. पट्टीला खालून आणि वरून दोन्हीकडून रक्त मिळते, आणि वर आपलीच हिरडी असल्याने रंगही जुळतो. सहा महिन्यांनी माझ्या सुळ्यावर आणि उपदाढेवर हे केले. हिरडी मोकळी करताना ती जराही ताण न देता दाताच्या मानेवर येऊन विसावली पाहिजे, यावर डॉक्टरांनी जो वेळ घेतला, तो मला आधी अनाकलनीय वाटला होता. ताणून शिवलेली हिरडी टाके निघताच परत मागे जाते. या सगळ्यात भिंगाचा चष्मा लावलेला तो माणूस पावणेदोन तास वाकून बसला होता, आणि मधून मधून फक्त "बाई, बरं आहे ना?" एवढेच विचारत होता.

टाळूला हात न लावता आणलेल्या, प्रक्रिया केलेल्या ऊतींचे पर्यायही आज आहेत, आणि रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या पडद्याचाही वापर होतो. ते कोणाला योग्य, हे ज्याने तोंडात सळई घालून मोजले आहे त्यानेच ठरवावे. खर्चाचा प्रश्न असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे जरूर जावे. मात्र कुठेही गेलात तरी माझी हिरडी कशामुळे सरली, असे आधी विचारा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. कारण चालूच राहिले, तर बसवलेली हिरडीही त्याच वाटेने जाते. सिगारेट किंवा तंबाखू चालू असताना तर ती बऱ्याचदा नीट बसतही नाही, कारण जिथून तिला रक्त मिळायचे, त्याच वाहिन्या आक्रसलेल्या असतात.

दात घासायला मी पुन्हा शिकले. मऊ केसांचा ब्रश, तो मुठीत नाही, तर तीन बोटांत, पेन्सिलसारखा धरायचा, हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका टेकवायचा आणि जागच्या जागी हलकेच हलवून दाताच्या टोकाकडे उतरवायचा. पहिला महिनाभर मला दात घासल्यासारखेच वाटत नव्हते. हाताला जोराची इतकी सवय होती की हलके घासण्यासाठी लक्ष द्यावे लागे. आईनेही माझ्या शेजारी मोरीपाशी उभे राहून हे सुरू केले. तिच्या दातांच्या फटींसाठी बाटली घासायच्या ब्रशसारखा एक चिमुकला ब्रश मिळतो, तो ती चष्मा लावून, एकेका फटीत घालते. मशेरीची डबी तिने एका दिवसात सोडली नाही. काही महिने ती फळीवर होती, आणि तर्जनी कधीतरी काळी दिसे. मी काही बोलले नाही. मग एके दिवशी त्या डबीत सुया-दोरे दिसले.

शस्त्रक्रियेनंतर चौदा महिन्यांनी आम्ही दोघी पुन्हा गेलो. सुळ्यावरचे मूळ पूर्ण झाकलेले होते. टाके काढले तेव्हा अर्धा मिलिमीटर राहिला होता, तो मधल्या काळात हिरडीने आपणहून, सरपटत येऊन भरून काढला होता. जाड हिरडी बसल्यावर असे काही वेळा होते आणि त्याला महिने लागतात, असे डॉक्टर म्हणाले. खालच्या दाताशी तीनचे दीड झाले होते, आणि तिथे आता रुंद, फिकट, न हलणारा पट्टा होता, जो मी जिभेच्या टोकाने बोलता बोलता चाचपते. मग ते आईच्या खुर्चीकडे वळले. मदतनीस मुलीने तिचा जुना कागद काढला, आणि डॉक्टर एकेक दात पुढे सरकत सांगू लागले: सहा, सात, सहा, सहा. मुलगी नव्या रकान्यात लिहीत होती आणि प्रत्येक आकड्यानंतर जुन्या रकान्याकडे पाहत होती. शेवटच्या दातापर्यंत पोहोचल्यावर ती म्हणाली, "आजी, सगळे मागच्या वर्षीचेच आहेत." आईने तोंडातला कापूस काढला आणि ते पुन्हा एकदा सांगायला लावले.